पिकअपमधला बिनदिव्याचा बझर : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गाडी २०१८ ची डिझेल पिकअप, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ च्या आधीचं मानक), घरचीच. चालवतात काका. सध्या अंबिया बहाराच्या संत्र्याचं काम जोरात आहे. वरुड तालुक्यातल्या बागांमधून कॅरेट भरायचे, जलालखेडा-काटोलमार्गे नागपूरच्या कळमना मार्केटला उतरवायचे. परतीला कधी सरकीची ढेप, कधी खताच्या बॅगा.

तक्रार अशी : डॅशबोर्डच्या आतून ‘टीं-टीं-टीं’ असा बझर वाजतो. थोडा वेळ वाजतो आणि आपोआप थांबतो. मीटरवर लाल किंवा पिवळा एकही दिवा लागत नाही. काका म्हणतात पोळ्याच्या सुमारास सुरू झालं, तेव्हा एखादवेळ वाजायचा. आता गावात शिरलं की हमखास.

तालुक्यातल्या एका गॅरेजवर त्यांनी गाडी दाखवली होती. तिथं उत्तर मिळालं, “सेन्सर खराब असन. बझरचा कपलर काढून देतो, कटकट मिटन.” काकांनी हो म्हणायच्या आधी मला फोन केला, हे फार बरं झालं. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. गाड्या माझं रोजचं काम नाही. पण बझर गाडीत कोणीतरी विचार करून बसवलेला असतो. दीड टन संत्रा घेऊन काका रात्री-बेरात्री चालवतात. तो बझर त्यांना काय सांगतोय ते कळेपर्यंत त्याची वायर कोणीही काढायची नाही, असं घरात स्पष्ट सांगून ठेवलं.

४ नोव्हेंबर

आवाज गाडीचाच आहे की गाडीत ठेवलेल्या कशाचा, हे आधी पाहिलं. केबिन रिकामी केली. चार्जर, ब्लूटूथ स्पीकर, काकांचा जुना मोबाइल, बॅटरीचा टॉर्च, सगळं बाहेर काढलं. सीटखालून ढेपीचा चुरा बराच निघाला आणि पायदानाच्या कोपऱ्यात कापसाचं उंदराचं घरटंही. त्यामुळे डॅशबोर्डखालच्या वायरी हाताने चाचपून पाहिल्या. कुठे कुरतडलेलं नाही. संध्याकाळी काका नागपूरहून परतले तेव्हा रिकाम्या केबिनमध्येही बझर वाजला. म्हणजे आवाज गाडीचाच.

रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं डॅशबोर्डवर फिरवलं. आवाज मीटरच्या मागूनच येतो.

गाडीच्या वयामुळे काही गोष्टी आपोआप बाद होतात. सीट बेल्टची आठवण देणारा आवाज आणि ताशी ८० च्या पुढे मधूनमधून, १२० च्या पुढे सलग वाजणारी वेगाची सूचना मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. ही गाडी त्याआधीची आहे, आणि गावातल्या रस्त्यावर वेगाचा प्रश्नच येत नाही. युरियाचं पाणी आणि धुराच्या फिल्टरच्या सूचना बीएस-६ गाड्यांच्या, त्याही इथे नाहीत. उरलं ते : उघडं दार, हेडलाइट चालू राहणं, हँडब्रेक, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि ब्रेकचा व्हॅक्यूम.

दार उघडं ठेवून पाहिलं. त्याचा आवाज वेगळा, लांबट आहे. हेडलाइटचाही वेगळा. दोन्ही बाद.

५ नोव्हेंबर

ओळखीच्या एकाचं ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर इंजिनचा कॉम्प्युटर वाचला. एकही एरर कोड नाही. पाण्याचं तापमान व्यवस्थित. ऑइलच्या दाबाचा आकडा या गाडीत मोबाइलवर दिसत नाही, पण डिपस्टिकवर ऑइल बरोबर पातळीला आहे आणि त्याचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो, इंजिन सुरू झालं की जातो.

कोड नाही म्हणजे दोष नाही, असं होत नाही. काही स्विच कॉम्प्युटरकडे जातच नाहीत, थेट मीटरला जोडलेले असतात. शोध आता त्या स्विचांमध्ये.

काकांना एक वही दिली. बझर वाजला की कुठे, गाडी भरलेली की रिकामी, गरम की थंड, एवढंच लिहायचं. चालवताना नाही, गाडी उभी केल्यावर.

८ नोव्हेंबर

वही हातात आली. काकांचं अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे. त्यांनी मी सांगितलं त्याहून जास्त लिहिलं. जसंच्या तसं उतरवतो :

“सकाळी निघताना गावात वाजत नाही. काटोल रोडवर वाजत नाही. कळमन्यात लाइनीत वाजते, गाडी पुढे-पुढे सरकवताना. परत येताना जलालखेड्याच्या बाजारात वाजला. गावात ग्रामपंचायतीपासून घरापर्यंत वाजून रायला. रिकाम्या गाडीतही वाजते.”

मोकळ्या रस्त्यावर नाही, गर्दीत आणि ब्रेकरवर आहे. सकाळी थंड गाडीत नाही, परतीला आहे. माझ्या दुकानात बसलेल्यांचं एकमत झालं की ब्रेकरच्या दणक्याने कुठला तरी लूज कपलर हलतो. पटण्यासारखं होतं. पण ब्रेकरवर दोन गोष्टी एकदम होतात, गाडी दणकते आणि चालक ब्रेक दाबतो. त्या वेगळ्या करायला हव्यात.

संध्याकाळी काका आले तसं गाडी थंड होऊ न देता पांदण रस्त्यावर नेली. आधी खड्ड्यांमधून पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. चांगले दणके बसले, बझर गप्प. मग शाळेच्या मैदानात, एकदम सपाट जागेवर, हळूहळू चालवत ब्रेक दाब-सोड, दाब-सोड. तिसऱ्या-चौथ्या वेळी बझर सुरू.

दणका नाही, ब्रेक.

काका उतरून म्हणाले, “म्हणजे ब्रेकचं काम हाय हे. अन् तो म्हणे कपलर काढून देतो.” नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

ब्रेक म्हटल्यावर पहिला संशय ब्रेक ऑइलवर. बाटलीत तरंगणारा फ्लोट असतो. ऑइल कमी असेल तर ब्रेक दाबल्यावर ते पुढे हिंदकळतं, फ्लोट खाली जातो आणि क्षणभर सूचना मिळते. आपल्या लक्षणाशी हे चांगलं जुळतं. फक्त गरम-थंडचा फरक यात बसत नाही.

पातळी पाहिली : ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधोमध. रंग मात्र चहासारखा काळपट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. हे केव्हा बदललं ते कोणालाच आठवत नाही. ते वेगळं काम, लिहून ठेवलं.

फ्लोटचा कपलर काढून बाजूला बांधला आणि मैदानातली तीच चाचणी परत घेतली. बझर वाजला. फ्लोट बाद. कपलर लगेच जागेवर लावला.

१० नोव्हेंबर

आजचं काम सगळ्यात उपयोगी ठरलं, आणि त्याला एक पाना लागला नाही.

गावात याच मॉडेलची, याच सालची आणखी एक पिकअप आहे. दोन्ही गाड्यांत चावी ‘ऑन’ला फिरवून, इंजिन सुरू न करता, मीटरचा व्हिडिओ काढला. चावी फिरवल्यावर सगळे सूचना-दिवे एकदा लागतात. दिवा जिवंत आहे की नाही हे चालकाला कळावं म्हणूनच ती सोय असते. पुतणीने दोन्ही व्हिडिओ मोबाइलवर शेजारी-शेजारी थांबवून दाखवले आणि लगेच बोट ठेवलं, “काका, त्या गाडीत हा लाल गोल हाय, आपल्यात नाई.”

वर्तुळात उद्गारचिन्ह. ब्रेकचा दिवा. आपल्या गाडीत तो लागतच नाही.

हँडब्रेक ओढल्यावर जो लाल दिवा लागतो तो हाच. काकांना विचारलं. ते म्हणाले, हँडब्रेकचा दिवा मागच्या वर्षीपासून लागत नाही, हँडब्रेक नीट धरतो म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. एका दिव्यावर तीन गोष्टी जोडलेल्या आहेत : हँडब्रेक, ब्रेक ऑइल आणि व्हॅक्यूम. बल्ब गेला तेव्हा तिन्ही मुक्या झाल्या. मागे एकटा बझर राहिला, आणि तो कशाबद्दल वाजतोय ते सांगणारं काही उरलं नाही.

१२ नोव्हेंबर

मीटर बाहेर काढला. स्क्रू सोपे आहेत, मागची स्पीडोमीटरची जोडणी जपून काढावी लागते. बल्बची तार तुटलेली. नवा बल्ब वीस-तीस रुपयांच्या आतलाच. बाकीच्याही बल्बांची कंटिन्यूटी मल्टीमीटरने तपासली, ठीक आहेत.

मीटर परत बसवून मैदानात गेलो. ब्रेक दाब-सोड केली. बझर आणि लाल दिवा एकत्र आले, एकत्र गेले. हँडब्रेक खाली आहे, फ्लोट बाद झालाय. राहिला व्हॅक्यूम. ब्रेक बूस्टरजवळच्या व्हॅक्यूम स्विचचा कपलर काढल्याबरोबर दोन्ही बंद.

स्विच खोटं बोलतोय की खरं, हा पुढचा प्रश्न. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण डिझेल गाडी चालवणाऱ्या पुष्कळ जणांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

ब्रेक पेडलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला जो मोठा गोल डबा दिसतो तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून काढलेली असते. आपण पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब आपल्या पायाच्या जोरात भर घालतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की थोडा व्हॅक्यूम खर्च होतो आणि तो परत भरावा लागतो. पेट्रोल इंजिन हवा आत घेताना स्वतःच व्हॅक्यूम तयार करतं. डिझेलमध्ये तसा उपयोगी पडेल इतका व्हॅक्यूम होत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचंच ऑइल मिळतं. पंपापासून बूस्टरपर्यंत एक होज पाईप, मध्ये एक एनआरव्ही. विहिरीच्या मोटरला असतो तसाच एकतर्फी व्हॉल्व्ह.

व्हॅक्यूम संपला तरी ब्रेक लागतात. पण पेडल दगडासारखं होतं आणि नेहमीच्या जोरात गाडी थांबत नाही. भरलेली गाडी मुलताईच्या बाजूला सातपुड्याच्या उतारावर असताना हे झालं तर काय, याचा विचार करून मी गाडी उभी करायला सांगितली.

बागेत माल तोडून कॅरेटमध्ये भरलेला होता. बाबांनी काही न बोलता दुसऱ्या पिकअपवाल्याला फोन लावला आणि भाडं ठरवलं.

१३ नोव्हेंबर

उभ्या गाडीवरच्या चाचण्या. पहिल्या दोन इंजिन पूर्ण गरम करून, तिसरी थंड आणि गरम दोन्हींवर.

पहिली : इंजिन बंद, पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल लगेच खाली बसायला हवं. बसलं, पण फार सावकाश.

दुसरी : इंजिन काही मिनिटं चालू ठेवून बंद केलं, थोडा वेळ थांबून पेडल दाबलं. पहिले दोन-तीन दाब मऊ, मग कडक. म्हणजे बूस्टर व्हॅक्यूम धरून ठेवतो. पडदा फाटलेला नाही, एनआरव्ही ठीक.

तिसरी : बूस्टर रिकामा करून इंजिन सुरू केलं आणि लाल दिवा केव्हा जातो ते पाहिलं. थंड इंजिनवर पटकन गेला. गरम इंजिनवर बराच वेळ राहिला. रेस दिली तरी फरक नाही.

ही शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटते. पंप घासलेला असता तर इंजिनचा वेग वाढवल्यावर थोडी तरी मदत झाली असती.

दुपारी एका अनुभवी मिस्त्रींना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचा कल पंप बदलण्याकडे. म्हणाले, “पंपच गेला असन, नवा टाका.” पंपासाठी अल्टरनेटर उतरवावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. मोजल्याशिवाय तो खर्च करायचा नाही असं ठरवलं.

१५ नोव्हेंबर

मोजायला व्हॅक्यूम गेज हवं. तालुक्यात विचारलं, कोणाकडे नव्हतं. मग आठवलं, शेजारच्या भाऊंच्या गोठ्यात दूध काढायचं यंत्र आहे. ते यंत्र व्हॅक्यूमवरच चालतं, साधारण ३५० ते ३८० मिलिमीटर पाऱ्यावर (व्हॅक्यूमचं माप, आकडा मोठा तितकी ओढ जास्त), आणि त्याला पूर्ण ७६० पर्यंतचं गेज असतं. भाऊंनी सकाळचं दूध काढून झाल्यावर गेज काढून दिलं. “संध्याकाळच्या आधी लावून दे फक्त,” एवढंच म्हणाले.

फवारणीच्या सामानाच्या दुकानातून पितळी टी-जॉइंट आणला आणि गेज आधी बूस्टरच्या तोंडाशी जोडलं. आपला भाग समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटर उंच आहे. इथे हवेचाच दाब ७३० च्या आसपास असतो, त्यामुळे गेजवर ७६० कधी दिसणार नाही. चांगल्या पंपाने साडेसहाशेच्या पुढे जावं.

इंजिन गरम, आयडलिंगवर (रेस न देता), बूस्टर रिकामा करून : दहा सेकंदांनी १८०. अर्ध्या मिनिटाने ३९०. मिनिटभराच्या पुढे गेल्यावर ६४०.

हे आकडे पाहून मी गाडीशेजारी उभा राहून पुन्हा मोजले, कारण त्यातच उत्तर होतं. गळती असती तर काटा मध्येच कुठेतरी अडून बसला असता, ६४० ला पोचलाच नसता. इथे काटा शेवटपर्यंत जातो, फक्त उशिरा. वाट बंद नाही, अरुंद आहे. मोकळ्या रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मध्ये एवढा वेळ मिळतो की बूस्टर भरून जातो. गावात, कळमन्याच्या लाइनीत, एकामागून एक ब्रेक लागतात आणि भरण्याआधीच खर्च होतो. काकांच्या वहीतली प्रत्येक ओळ यात बसते. पेडल दाबत काटा कुठे आला की बझर वाजतो तेही पाहिलं. साधारण २५० च्या खाली. स्विच पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

मग होज सोडून गेज थेट पंपाच्या तोंडाला. दोन-तीन सेकंदांत ६६०. पंप धडधाकट आहे.

उरला मधला पाईप.

तो वाकवून बाहेर काढला तेव्हा काका बाजूलाच होते. वरची धूळ आणि तेल पुसल्यावर त्यांनीच ओळखला. “हा तर फवारणीचा पाईप हाय!” मग त्यांना आठवलं. उन्हाळ्यात काटोलच्या अलीकडे जुना होज फाटला होता. रस्त्याकडेच्या एकाने जवळ होता तो पाईप कापून लावून दिला, गाडी घरी आली, आणि विषय विसरला गेला.

ब्लेडने पाईप लांबीत चिरला. आतलं रबर तेलाने फुगून मऊ पडलेलं, एका जागी थर सुटून नळीत लोंबत होता. इंजिनच्या गरम बाजूच्या वळणावर पाईप चपटा झालेला. फवारणीचा पाईप आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी बनवतात, त्यात औषधाचं थंड पाणी वाहतं. इथे उलट आतून ओढ आहे, पंपातून येणारा ऑइलचा अंश आहे आणि इंजिनची उष्णता आहे. थंड असताना पाईप थोडा ताठ राहतो म्हणून सकाळी त्रास नाही. गरम झाला की वळणावर मिटतो, आणि रेस दिली की आणखी ओढला जातो.

गेज चारच्या आत गोठ्यात परत लावून दिलं.

१७ नोव्हेंबर

नागपूरहून या मॉडेलचा मूळ व्हॅक्यूम होज मागवला, दुसऱ्या पिकअपवाल्याच्याच हाती. सोबत दोन नव्या क्लिपा. पंपाची किंमत पाहता खर्च अगदी किरकोळ.

बसवताना एनआरव्हीची दिशा पाहिली : हवा बूस्टरकडून पंपाकडे जायला हवी, बाण पंपाकडे. व्हॉल्व्ह काढून तोंडाने ओढून-फुंकून तपासला, एकाच बाजूने चालतो. नवा होज इंजिनच्या गरम भागापासून लांब, मूळ ब्रॅकेटमध्येच अडकवला. ते ब्रॅकेट उन्हाळ्यापासून रिकामंच लटकत होतं.

गेज पुन्हा मागून आणलं. गरम इंजिन, आयडलिंग : सात सेकंदांत ६०० च्या वर, मग ६५० ला स्थिर. मैदानात दाब-सोड कितीही केली तरी काटा ४५० च्या खाली आला नाही. बझर नाही, दिवा नाही.

बझर अजून जिवंत आहे याची खात्रीही हवी होती. इंजिन बंद, चावी ऑन, पेडल दाबत गेलो. व्हॅक्यूम संपल्याबरोबर बझर वाजला आणि लाल दिवा लागला. काकांना बसवून त्यांच्याच पायाने हे करून घेतलं, म्हणजे पेडल कडक कसं लागतं आणि दिवा कोणता, दोन्ही त्यांना माहीत राहील.

२१ नोव्हेंबर

काल काका भरलेली गाडी घेऊन मुलताईकडे जाऊन आले. मी सोबत होतो. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवली, ब्रेक हवा तेव्हाच. पेडल शेवटपर्यंत एकसारखं. परत येऊन बॉनेट उघडलं, होजला हात लावून पाहिला. गरम होता, पण गोल आणि ताठ.

अल्टरनेटरच्या मागे, पंपाच्या ऑइल नळीच्या जोडाला किंचित ओलावा आहे. थेंब पडत नाही. पुसून खडूने खूण केली, आठवड्याने पाहायचं.

गावातल्या त्या दुसऱ्या पिकअपचा होजही पाहिला. मूळचाच आहे, पण वळणावर बारीक भेगा दिसतात. त्यांनी नवा मागवला.

ब्रेक ऑइलचं काम बाकी. डॉट-४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा डबा आणून ठेवलाय. मंगळवारी गाडीला फेरी नाही, तेव्हा चारही चाकांचं ब्लीडिंग करून (चाकांपाशी नळ्यांतलं ऑइल आणि हवा बाहेर काढून) जुनं पूर्ण काढायचं. वहीत तारीख काका लिहितील.